पणजी केडगावला वाढली. तिचं मूळ शोधता येईल का?

ओसरी
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझ्या आईची आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, पंडिता रमाबाईंच्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून ज्या मुली रमाबाईंनी आणल्या, त्यांतली ती एक. तेव्हा ती सात-आठ वर्षांची असावी असा घरातला अंदाज. तिचं आधीचं नाव कुणालाच माहीत नाही. गाव, आईबापाची नावं, जात, काही म्हणजे काही नाही. मोठी झाल्यावर ती तिथल्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी उलटी अक्षरं, जुळवायची. नंतर नगरकडच्या एका ख्रिस्ती मास्तरांशी तिचं लग्न झालं, सहा मुलं झाली. १९६२ साली ती गेली. माझी आई तेव्हा बारा वर्षांची होती, त्यामुळे आईला ती चांगली आठवते. खिळे जुळवायची सवय असल्यामुळे उलटी अक्षरं ती झरझर वाचायची. नातवंडं पाटीवर उलटं लिहून तिची परीक्षा घ्यायची.

माझे वडील हिंदू आहेत. दोन्ही घरांत आम्ही सुखाने वाढलो. पण मागच्या महिन्यात एका लग्नात वडिलांकडच्या एका ज्येष्ठांनी आईच्या देखत म्हटलं, "भुकेपोटी बाटलेली माणसं, त्यांच्या खानदानाचं काय सांगायचं." आई काही बोलली नाही. पानातलं सगळं संपवून उठली. परत येताना गाडीत एवढंच म्हणाली, "आजीने आम्हाला पानात एक शीत टाकू दिलं नाही कधी. खाली सांडलेलं ती स्वतः वेचून खायची."

तेव्हापासून डोक्यात दोन गोष्टी आहेत. तिचं मूळ कुठलं, हे आता कळायला काही वाट आहे का? आणि त्या वाक्याला उत्तर काय द्यायचं? मला भांडायचं नाहीये. मला खरंच कळत नाही.

खुणा म्हणाल तर दोनच. नाताळात करंज्या-शंकरपाळ्यांच्या जोडीला ती खजूर आणि भाजलेले तीळ खलबत्त्यात कुटून वड्या करायची आणि त्याला "लटा" म्हणायची. नगरला दुसऱ्या कुणाच्याच घरी हा शब्द नाही. आणि नातींना लाडाने "मोडी" म्हणायची. आजोबा म्हणायचे, पोरींचं अक्षर वाचता येत नाही म्हणून मोडी.

दौंडकर
ताई, आधी एक सांगून ठेवतो. मिशनचं केडगाव आमच्या दौंड तालुक्यातलं, पुणे-दौंड लाइनवरचं. नगरला लागून आहे ते केडगाव वेगळं. माझ्या चुलतभावाच्या साखरपुड्याला निम्मे पाहुणे नगरच्या केडगावात जाऊन चहा पीत बसले होते, आणि इकडे आम्ही भटजींना धरून ठेवलं होतं.

पुण्याहून शटलने या. यवत, खुटबाव, मग केडगाव. पण तशाच थेट फाटकाशी जाऊ नका. आतमध्ये आजही मुली आणि बायका राहतात, ते त्यांचं घर आहे. आधी पत्र लिहा, पणजीबद्दल जेवढं माहीत आहे तेवढं सगळं त्यात घाला, वेळ मागा आणि मगच जा.

जुने_पान
ओसरी, धाग्याबद्दल मनापासून आभार. थोडं विस्ताराने लिहितो, कारण तुमची पणजी तिथे कशी पोचली हे कळलं तर दुसऱ्या प्रश्नाचंही थोडं उत्तर मिळेल.

रमाबाई स्वतः दुष्काळातून वाचलेली मुलगी. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं. पुराणं सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी पायी हिंडायचं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. उरलेली दोघं भावंडं चालत चालत १८७८ ला कलकत्त्याला पोचली. तिथे विद्वानांनी तिची परीक्षा घेऊन तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. हे सगळ्यांना पाठ असतं. त्या आधीचे भुकेचे दिवस मात्र सांगताना आपण एका वाक्यात उडवून लावतो.

१८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या बातम्या आल्या तेव्हा त्या पुण्यात विधवांसाठी शारदासदन चालवत होत्या. त्या उठल्या आणि तिकडे गेल्या. सरकारी दुष्काळी छावण्यांमध्ये एकट्यादुकट्या मुलींचे काय हाल होतात ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि लिहून ठेवलं. मूठभर धान्यासाठी मुली विकल्या जात होत्या, छावण्यांभोवती त्यांना पळवून नेणारे घिरट्या घालत होते, आणि राखणदारीला ठेवलेली माणसंही धड नव्हती. रमाबाईंनी तिथून तुकड्या-तुकड्यांनी मुली आणि बालविधवा आणल्या. आकडा सुमारे तीनशेवर गेला. तेवढ्यात पुण्यात प्लेग. शहरात इतक्या मुली ठेवायला परवानगी मिळेना. केडगावला त्यांनी शेतीसाठी जमीन घेऊन ठेवली होती, तिथे झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्तीची सुरुवात ही अशी. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली.

तुमची पणजी कोणत्या छावणीतून आली ते आज सांगणं अवघड आहे. पण ज्या तुकडीतून आली ती कशातून सुटून आली, ते एवढं स्पष्ट आहे.

परखड
ओसरी, तुमच्या आईला जे ऐकावं लागलं ते वाईटच. त्या माणसाची बाजू मी घेणार नाही.

पण धागा काढलाच आहे तर स्पष्ट लिहितो. उपाशी लेकराला भाकरी देताना त्याचा देव का बदलायचा? सात वर्षांच्या पोरीने कोणता विचार करून धर्म निवडला असेल? तिचं नाव गेलं, गाव गेलं, भाषा गेली. तीन पिढ्यांनंतर पणती इथे विचारतेय की आम्ही कोण. हीसुद्धा किंमतच आहे, आणि ती त्या पोरीने मोजली. पुण्यातच जोतिरावांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवा तिथे येऊन बाळंत व्हायच्या. कुणाला धर्म सोडायला सांगितलं नाही. म्हणजे नुसता आसरा देता येत होता.

अबोली_७२
परखड, नाव-गाव मिशनने घालवलं की दुष्काळाने? आईबाप रस्त्यात मेले की गाव तिथेच जातं.

परखड
दोघांनी मिळून, असं म्हणतो मी.

हिंगण्याची_नात
परखड यांचा मुद्दा रमाबाईंच्या हयातीतच निघाला होता, आणि पुण्यात त्यावरून मोठं वादळ झालं. शारदासदन ११ मार्च १८८९ ला मुंबईत सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं. पैसा बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा होता आणि दहा वर्षांचा शब्द होता. अट अशी की विधवांना शिकवायचं, धर्मात हात घालायचा नाही. रमाबाईंची स्वतःची प्रार्थना चालायची, दार उघडं असायचं. काही मुली जाऊन बसायला लागल्या. 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या.

माझं मत विचाराल तर त्या वादात पालकांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. शब्द तटस्थपणाचा होता, आणि दार उघडं ठेवणं म्हणजे पूर्ण तटस्थ राहणं नव्हे. रमाबाईंवर जीव असूनही मला हे म्हणावं लागतं.

पण मुक्तीची गोष्ट निराळी. ती पहिल्या दिवसापासून उघडउघड ख्रिस्ती संस्था होती. कुणापासून काही लपवलं नाही.

आणखी एक. शारदासदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. ती ख्रिस्ती झाली नाही. १८९३ ला तिचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं, ती आनंदीबाई झाली, आणि अण्णांच्या, म्हणजे कर्व्यांच्या, विधवाश्रमासाठी तिने दारोदार वर्गणी गोळा केली. माझी आजी हिंगण्याला, त्याच आश्रमात शिकली. म्हणजे आमच्या घरातल्या बाईच्या हातात पाटी आली त्याची एक मुळी रमाबाईंच्या अंगणात आहे. आमच्या सोवळ्यातल्या आजीला हे माहीत होतं आणि ती ते मानायची.

टांगेवाला
पण बाई सरकारच्या मर्जीतल्या होत्या ना? कैसर-इ-हिंद पदक मिळालं होतं असं वाचलंय.

जुने_पान
पदक मिळालं, १९१९ ला. पण १८९७ ला याच बाईंनी पुण्यातल्या प्लेगच्या दवाखान्यात बायकांना कशी वागणूक मिळते यावर 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून सरकारला चांगलंच अडचणीत आणलं होतं. विलायतेपर्यंत त्याची चर्चा झाली. मर्जी सांभाळणाऱ्या बाईचं हे काम नव्हे.

पाळकपुत्र
जय ख्रिस्त. वडील पाळक होते, त्यामुळे 'बाटगे' हा शब्द शाळेत असताना रोज ऐकला. ओसरीताई, तुमच्या आईने पान संपवून उठण्याबद्दल वाचलं आणि थोडा वेळ पुढे वाचताच आलं नाही.

परखडभाऊ, तुमच्या प्रश्नाला मी टाळत नाही. लहान मुलाचा बाप्तिस्मा हा आमच्यातही वादाचा विषय आहे. कित्येक मंडळ्या म्हणतात, कळत्या वयात आल्यावरच घ्यावा. आणि दुष्काळात पोटासाठी आलेले लोक पाऊस पडल्यावर परत गेले, हेही आमची जुनी माणसं सांगायची. "तांदळाचे ख्रिस्ती" हा टोमणा आमच्यातच एकमेकांना मारला जायचा.

पण ज्या राहिल्या त्यांचं काय? ताईंची पणजी १९६२ पर्यंत जगली. भूक लागलेली पोर सात वर्षांची होती. नंतरची पासष्ट वर्षं ती पोटभर जेवलेली, शिकलेली, कमावती, मुलंबाळं असलेली बाई होती. त्या बाईने रोज सकाळी जे शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं ते भुकेपोटी उघडलं असं कोण म्हणेल? तिच्या पहिल्या दिवसावरून तिचं सगळं आयुष्य मोजणं हा तिच्यावर अन्याय आहे. त्या ज्येष्ठांना मी एवढंच विचारलं असतं.

आणि रमाबाई मिशनऱ्यांच्या ताटाखालचं मांजर नव्हत्या. इंग्लंडात वाँटेजला १८८३ ला बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या सिस्टरांशी त्यांची पत्रापत्री वाचा. मला न पटलेलं मी मान्य करणार नाही, एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीत शिरणार नाही, असा एकूण सूर आहे. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, यावरसुद्धा वाद घातला. शाकाहार शेवटपर्यंत सोडला नाही.

शब्दवेडा
थोडं विषयांतर करतो. रमाबाईंनी बायबलचं भाषांतर मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलं, त्यासाठी उतारवयात त्या भाषा शिकल्या. आधीच्या भाषांतरांतलं जड संस्कृत खेड्यातल्या बाईला कळत नाही म्हणून भाषा मुद्दाम साधी ठेवली. संस्कृतात पंडिता झालेल्या बाईने संस्कृत शब्द एकेक करून काढले! छपाई केडगावलाच झाली आणि खिळे जुळवणाऱ्या सगळ्या बायका. १९२१ च्या जुलैत मुलगी मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ ला छापून बाहेर पडला.

ओसरी, तुमच्या पणजीच्या हातून त्यातली काही पानं गेली असतील का?

'मोडी'बद्दल: मला वाटतं आजोबांचा विनोदच असावा, त्यात फार शोधू नये.

ओसरी
सगळ्यांचे आभार. एकेक प्रतिसाद आईला वाचून दाखवतेय. शब्दवेडा, ते शास्त्र आमच्याकडे आहे, पण ते पणजीला लग्नानंतर मिळालं. त्याच्या आधी जे सुटे भाग छापले जायचे त्यावर तिने काम केलं असावं. आई म्हणते, तिच्या उजव्या अंगठ्याचं टोक कायम काळपट आणि गुळगुळीत असायचं. देवाच्या पुस्तकाची शाई आहे, जात नाही, असं ती नातवंडांना सांगायची.

पाळकपुत्र दादा, तुमचा प्रतिसाद आईने दोनदा वाचायला लावला.

रातराणी
मी परिचारिका आहे. मुंबईत कामाठीपुऱ्याच्या बाजूला एका ख्रिस्ती संस्थेच्या रात्रीच्या पाळणाघरात सहा वर्षं काम केलंय. मी स्वतः ख्रिस्ती नाही. या धाग्याशी जवळचं आहे म्हणून लिहिते.

संध्याकाळी साडेसहाला मुलं यायची. दीड वर्षापासून बारा वर्षांपर्यंतची. आंघोळ, जेवण, अभ्यास, झोप. सकाळी आया न्यायला यायच्या. हे पाळणाघर नसतं तर ही मुलं रात्रभर कुठे असतात? खोली दहा बाय दहाची, पलंगाला पडदा. मूल पलंगाखाली नाहीतर जिन्यात. एक मुलगी पहिले काही दिवस आमच्याकडेही पलंगाखालीच झोपायची. उचलून वर ठेवली तरी मध्यरात्री परत खाली. मग मीही खाली सतरंजी टाकली. दीड महिन्याने ती वर झोपली.

झोपायच्या आधी प्रार्थना असायची. "आमच्या आईला सांभाळ" अशा अर्थाची, दोन मिनिटांची. सुरुवातीला मला अवघडल्यासारखं व्हायचं. एका आईला मी विचारलं. निपाणीकडची, गळ्यात यल्लम्माचं लाल-पांढऱ्या मण्यांचं दर्शन, म्हणजे देवाला सोडलेल्या बाईची माळ. मी म्हटलं, तुझी पोर ही प्रार्थना म्हणते, तुला चालतं का? ती म्हणाली, "बाई, पोर रात्री झोपती, हे मला चालतंय. माझी यल्लम्मा रागवत न्हाई." दर मंगळवारी ती पोरीच्या कपाळाला भंडारा लावून पाठवायची आणि आमच्याकडे कुणी तो पुसला नाही. हे मी स्वतः पाहिलंय म्हणून लिहितेय. सगळीकडे असंच असेल असं म्हणत नाही.

मुली देवाला सोडण्याविरुद्ध कायदा मुंबई इलाख्यात १९३४ पासून होता. त्या बाईचा जन्म त्यानंतर कित्येक वर्षांनी झाला.

दौंडकर
रातराणीताई, सतरंजीचं वाचून गप्प झालो.

वहिवाट
दुसरी बाजूही यायला हवी. मी एका बालगृहात अधीक्षक होतो, नाव लिहीत नाही. धर्मादाय काम होतं, माणसं कष्टाळू होती, पण एक गोष्ट मला सहन झाली नाही. परदेशातून पैसे देणाऱ्या प्रत्येकाला 'त्याचं' मूल ठरवून दिलेलं असायचं. वर्षातून दोनदा फोटो, आणि मुलाच्या हाताने लिहिलेलं पत्र. फोटोच्या दिवशी नवे कपडे नकोत, जुने घाला, असं वरून यायचं. आमची पोरं त्या दिवशी मुद्दाम केस विंचरून यायची आणि त्यांना ते विस्कटायला सांगावं लागायचं. मी दोनदा तसं सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही आणि वर्षअखेर मला सोडावं लागलं. हे ख्रिस्ती संस्थांपुरतंच आहे असं बिलकुल नाही. देवस्थानांच्या, राजकारण्यांच्या, सगळ्यांच्या आश्रमांत मी मुलं अशी मंचावर उभी केलेली पाहिली आहेत.

आता कायदा बदलला, हे चांगलं झालं. २०१५ चा बाल न्याय कायदा आल्यापासून कुणीही मूल उचलून आणून ठेवू शकत नाही. चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावंच लागतं, मूल कुठे राहणार ते समिती ठरवते, घराचा शोध घ्यावा लागतो, संस्थेची नोंदणी हवी, आणि मुलाची ओळख उघड होईल असा फोटो छापला तर गुन्हा आहे. परदेशी पैशावरही २०१० च्या कायद्याने आणि नंतर त्याच्या २०२० च्या दुरुस्तीने कडक बंधनं आली. त्यात काही चांगली लहान कामंही बंद पडली, ते दुःख आहेच. पण परखड म्हणतात ते "नाव-गाव गेलं" आजच्या मुलाच्या बाबतीत होऊ नये याची तजवीज कागदावर तरी आहे. ओसरींच्या पणजीला कुणी अशी फाइल केली नव्हती.

अबोली_७२
मुलींना नुसतं सांभाळलं नाही, हे कुणीतरी लिहायला हवं. मुक्तीत शेती, गाई, तेलघाणी, विणकाम, छापखाना, सगळं बायका चालवायच्या. विहिरी होत्या म्हणून कोरड्या माळावर मळे उभे राहिले. अंध मुलींसाठी वेगळं सदन होतं, मनोरमाबाई तिथे ब्रेल शिकवायच्या. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन. 'पतित' म्हणून ज्यांना त्या काळी कुणी उंबऱ्यात घेत नव्हतं, त्यांना तिथे खोली आणि काम होतं. म्हाताऱ्यांसाठी प्रीतिसदन. एक बाई एवढं करते, आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात तिला किती ओळी मिळाल्या? मला आठवतात त्या तीन.

परखड
रातराणी आणि वहिवाट, दोघांचे प्रतिसाद मनाला लागले. माझा मुद्दा मी मागे घेत नाही: आसरा आणि धर्म वेगळे ठेवता आले तर ठेवावेत. १८९७ लाच लाला लजपतराय आणि आर्यसमाजी मंडळींनी दुष्काळातली हिंदू मुलं स्वतःच्या अनाथाश्रमांत न्यायला सुरुवात केली, ती याच काळजीने. पण हेही खरं की मिशनरी आधी पोचले म्हणून ती काळजी जागी झाली. आमच्यातले लोक त्या छावण्यांपर्यंत आधी का गेले नाहीत, हा प्रश्न मी स्वतःला विचारतोय.

आणि पाळकपुत्र, "पहिल्या दिवसावरून सगळं आयुष्य मोजणं" हे मान्य. ओसरी, त्या ज्येष्ठांना माझ्याकडूनही हे सांगा.

सागरवासी
नमस्कार. उशिरा पोचलो, धागा आज सकाळी पाहिला. मी मध्य प्रदेशातल्या सागरचा. पेशव्यांच्या काळात गोविंदपंतांबरोबर आलेल्या मराठी घरांपैकी आमचं एक. घरात मराठी, दाराबाहेर बुंदेली.

ओसरीताई, कृपा करून बसून वाचा.

'लटा' हा आमच्याकडचा शब्द आहे. मोहाची वाळलेली फुलं भाजायची, भाजलेल्या तिळांबरोबर मुसळाने कुटायची, त्याच्या वड्या थापायच्या. बुंदेलखंडात खेड्यापाड्यांत हेच गोड. गरिबाच्या घरी साखर कुठली, मोहाचीच गोडी. तुमच्या पणजीला नगरला मोह मिळाला नसणार, म्हणून तिने खजूर घेतला. रंग तसाच येतो, चिकटपणा तसाच येतो. नाव तिने तेच ठेवलं.

आणि 'मोडी' नाही ते. 'मौडी'. आमच्याकडे मुलीला मौडी म्हणतात, मुलाला मौडा. आजही गल्लीत आई हाक मारते, "ओ मौडी!" शब्दवेडा, आजोबांचा विनोद छान आहे, पण पणजी थट्टा करत नव्हती. ती नातीला 'पोरी' म्हणत होती.

१८९६-९७ चा दुष्काळ सागर, दमोह, जबलपूर या पट्ट्याला फार वाईट बसला. गाव मी सांगू शकत नाही, जिल्हाही नक्की सांगता येणार नाही. पण तुमची पणजी आमच्या बाजूची होती. तिची भाषा सगळी गेली नव्हती.

जुने_पान
सागरवासी... काय बोलावं. १२५ वर्षांहून जास्त काळ एक शब्द डब्यात जपून ठेवला त्या माउलीने.

शब्दवेडा
माझं म्हणणं सपशेल मागे. मौडी! नगरच्या तोंडी मोडी होणारच.

परखड
सागरवासी, नमस्कार तुम्हाला.

ओसरी
काल रात्रीच वाचलं होतं, लिहायला आज जमतंय.

आईला फोनवर सांगितलं नाही, घरी गेले. सागरवासींचा प्रतिसाद वाचायला लागले. 'मौडी'पर्यंत आले तेव्हा आईने हात वर करून थांबवलं. म्हणाली, "परत वाच. तो शब्द." मी परत वाचला. तिने स्वतः म्हणून पाहिला, दोन-तीनदा, वेगवेगळ्या तऱ्हेने. मग म्हणाली, "हो. असंच म्हणायची. आम्हीच चुकीचं ऐकलं."

मग बराच वेळ ती आजीबद्दल बोलत होती. कधी न सांगितलेलं सांगितलं. आजीला शटलच्या शिट्टीची भीती वाटायची. रेल्वेने आणलं तेव्हा बरोबर एक लहान भाऊ होता का, असं तिला एकदा कुणीतरी विचारलं होतं, आणि ती उठून परसात गेली होती. त्यानंतर घरात कुणी विचारलं नाही.

केडगावला पत्र टाकलंय, दौंडकर दादांनी सांगितलं तसं. उत्तर येईल तेव्हा येईल.

सागरवासी काका, मोहाची फुलं कुठे मिळतील? पुण्यात आयुर्वेदाच्या दुकानात विचारलं तर औषधाची पुडी दाखवली. आईला या नाताळात खरा लटा करायचा आहे. वडिलांच्या त्या नातेवाइकांकडेही ती डबा पाठवणार आहे. मी का म्हणून विचारलं नाही.

सागरवासी
दुकानात कशाला विचारता. चैतात पडलेली फुलं आमच्या घरी वाळवून ठेवलेली आहेत, पत्र्याच्या डब्यात. पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा, उद्याच पाठवतो. तीळ तिकडचे चालतील.

फुलं आधी झटकून आतलं केसर काढायचं. मग मंद आचेवर नुसती भाजायची, तेल-तूप काही नाही. फुगली की उतरवा, करपली तर कडू होतात.

ओसरी
पत्ता पाठवलाय. आई विचारतेय, तिच्याकडे आजीचा लोखंडी खलबत्ता आहे, तो चालेल का दगडीच हवा?

सागरवासी
लोखंडी उत्तम. फक्त गरम आहे तोवर कुटा, मधे थांबू नका. गार झालं की मुसळाला धरून बसतं. घरात अजून कुणी असेल तर आळीपाळीने कुटा, एकट्या माणसाचा हात भरून येतो.